दोऱ्यावरच्या मुंग्या

सुनीलकुमारने पत्ता पालथा करून नेत्रावतीपुढे सरकवला आणि त्यावरची दोन बोटं न काढताच म्हणाला, "झुरळ."

बोटं मिरचीभज्याच्या तेलाने माखलेली होती. ती त्याने उचलली तशी पत्त्याच्या पाठीवर दोन पारदर्शक डाग राहिले. नेत्रावतीने पत्त्याला हात लावला नाही. ती सुनीलकुमारच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बोला की वैनी. खरं का खोटं?"

"खरं."

त्याने पत्ता उलटला. झुरळ होतं. मिशा लांब, पोट तपकिरी, पायांवरचे केससुद्धा चितारणाऱ्याने सोडले नव्हते. सुनीलकुमारने कपाळावर हात मारला आणि ते झुरळ स्वतःपुढे ठेवलं. त्याच्यापुढे आधीच दोन होती.

"हिला फसवायचं म्हंजे देवाला फसवायचं," तिचा नवरा अमरेश म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं, आणि नेत्रावतीला ते आवडलं.

खेळाचा खोका सुधारानीच्या भावाने बेंगळूरहून पाठवला होता. खेळ सोपा. झुरळ, पाल, उंदीर, माशी, विंचू, गोम, असे किळसवाणे पत्ते. आपल्या हातातला एक पालथा करून कुणापुढेही सरकवायचा आणि त्यावर काय आहे ते सांगायचं. खरं सांगा नाहीतर थाप मारा. समोरच्याने ओळखायचं. चुकला तर पत्ता त्याच्यापुढे उघडा पडतो, ओळखलं तर ज्याचा त्याच्यापुढे. ओळखायचं नसेल तर गुपचूप बघून घ्यायचं आणि आपलं काहीतरी सांगून पुढच्याकडे सरकवायचं. एकाच जातीचे चार जीव ज्याच्यापुढे जमतील तो हरला. या खेळात कुणी जिंकत नाही. एक जण हरतो, बाकीचे सुटतात.

नेत्रावती पाच रविवारांत एकदाही हरली नव्हती. सुनीलकुमार, नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त, भालकीच्या बसस्टँडसमोर त्याचं मेडिकल. तो थाप मारायची असली की कन्नडवर जायचा. आता 'झुरळ' न म्हणता 'जिरळे' म्हणाला असता तर तिने डोळे झाकून 'खोटं' म्हटलं असतं. त्याची बायको सुधारानी आधी हसायची, मग खोटं बोलायची. आणि अमरेश मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा फिरवायचा. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नऊ महिन्यांचं मूल असलेल्या बाईला तसंही दुसरं काम काय; बघत राहायचं. श्वास बघायचा, शी बघायची, जमिनीवर पडलेली टाचणी बघायची. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेतली नजर आता पाळण्याभोवती फिरत होती.

तिने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. पावणेपाच झाले होते. शिवू अडीचला झोपला होता.

"बसा की अक्का," सुधारानी म्हणाली. "झोपलंय लेकरू. झोपू द्या."

"आत्ताच बघून आलीस," अमरेश म्हणाला. "श्वास मोजायलीस का काय?"

ती बसली. सुधारानीने तिच्यापुढे पत्ता सरकवला. आधी हसली, मग म्हणाली, "पाल."

"खोटं."

गोम निघाली. सगळे ओरडले. नेत्रावतीही हसली, आणि त्या आरड्याओरड्यातच तिच्या लक्षात आलं की आतून काहीच हाललं नाही. पहिल्या दोन रविवारी हेच लेकरू चमचा पडला तरी दचकून उठत होतं. दर दहा मिनिटांनी खेळ मोडायचा, अमरेश पत्ते खाली टाकून म्हणायचा, "एक रविवार तरी माणसानं हसावं का न्हाई?" मग पुढच्या रविवारी शिवू झोपला. त्याच्या पुढच्याही. आणि आज.

ती उठली.

"आली पुन्हा गस्त," सुनीलकुमार म्हणाला आणि भज्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून बोट चोखलं. त्याच बोटाने तो हातातले पत्ते वरखाली करू लागला.

आतल्या खोलीत पडदा ओढलेला होता. शिवू उताणा, एक हात डोक्याकडे टाकून झोपला होता. जन्मल्यावर मठातल्या अय्यांनी, जंगम स्वामींनी, बांधलेलं इष्टलिंग त्याच्या दंडाला होतं. पांढऱ्या फडक्यात, पांढऱ्या सुती दोऱ्यात. गळ्यात नको म्हणून नेत्रावतीने हट्टाने दंडाला बांधून घेतलं होतं. दात येत असल्यामुळे तो दिवसभर ते फडकं चघळायचा, आणि ती रोज सकाळी फडकं नि दोरा धुऊन वाळवायची. आज सकाळीही धुतला होता.

दोरा गुलाबी होता.

तिने वाकून पाहिलं. गुलाबी रंग हलत होता. खिडकीच्या चौकटीतून एक तांबडी ओळ भिंतीवरून खाली आली होती, गादीच्या काठावरून चढून दंडापर्यंत गेली होती, आणि तिथे दोऱ्याला, फडक्याला, कातडीच्या वळीला मुंग्या डसून बसल्या होत्या. काही हनुवटीकडे निघाल्या होत्या. दंडावर पाच-सहा लाल गांधी उठल्या होत्या. पोर जागं झालं नव्हतं.

तिने हाताच्या तळव्याने मुंग्या झाडल्या, चिरडल्या, दोरा सोडवला, त्याला उचललं. मान तिच्या खांद्यावर कलंडली, ओल्या पिठाच्या गोळ्यासारखी. श्वास होता. तिने नाक फडक्याला लावलं. स्ट्रॉबेरी. खऱ्या फळाचा नाही, बाटलीतला वास.

"शिवू. ए शिवू. शिवराज."

तिने तांब्यातलं पाणी त्याच्या तळपायाला लावलं. त्याने ओठ वाकडे केले, कण्हला, आणि पुन्हा झोपला.

खिडकीत अमरेशचं घड्याळ होतं. लेकराला घेताना पट्ट्याची कडी लागते म्हणून ते काढून ठेवायचं, हा तिचाच नियम. तिने ते उचललं.

बाहेर तिघे तिची वाट बघत बसले होते. तिचे पत्ते तिच्या जागी पालथे ठेवले होते.

"उठला का?" अमरेशने विचारलं.

"न्हाई उठला." ती उभीच राहिली. "तुम्ही आत गेलता?"

"कधी?"

"मी भजी तळायले तवा."

"न्हाई बा. सुनीलच्या दुकानातून आलो ते इथंच बसलोय." त्याची उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटाकडे गेली. तिथे पट्टा नव्हता. बोटं उघड्या कातडीवर गोल फिरली आणि थांबली.

नेत्रावतीने घड्याळ आपल्या पालथ्या पत्त्यांवर ठेवलं.

सुधारानी हसली, आणि मग तिला सांगायला काही सापडलं नाही.

"अर्धंच झाकण," अमरेश म्हणाला. "सर्दीचं औषध हाय ते. तू असं बघू नको."

"सर्दी हाय का त्याला?"

"अगं झोपतोय, एवढंच. तुलाबी आराम..."

"विष हाय का वैनी?" सुनीलकुमार मध्येच म्हणाला. "दिवसाला धा बाटल्या जातात माझ्या दुकानातून. एनू आगल्ला. काही होत नाही."

एनू आगल्ला. तो कन्नडमध्ये म्हणाला होता.

तिने त्या तिघांकडे पाहिलं. सुनीलकुमारच्या ओठांवर तेल चमकत होतं. त्याच्यापुढे तीन झुरळं, सुधारानीपुढे गोम, अमरेशपुढे दोन माशा आणि उंदीर. ताटलीत भज्यांचा चुरा, कागदाला लागलेलं थंड तेल. आत, भिंतीवर, ती ओळ अजून चालतच असेल. तिला त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूची शिसारी आली, अगदी तिने स्वतः विणलेल्या दारावरच्या तोरणाचीसुद्धा.

"मुंग्या चावल्यात त्याला," ती म्हणाली. "आणि त्याला कळलं न्हाई. गाडी काढा."

"आता? रविवारी?"

"गाडी काढा."

सुनीलकुमार किल्ली घेऊन जिना उतरला. अमरेश चपला शोधू लागला. नेत्रावती स्वयंपाकघरात गेली. बाटली कुठे असेल ते तिला शोधावं लागलं नाही. डाळीच्या डब्यांमागे होती. तिने ती पिशवीत टाकली, लंगोट टाकले, पाण्याची बाटली टाकली. एका हाताने सगळं करत होती. दुसऱ्या हातात शिवू.

सुधारानी दारात येऊन उभी राहिली.

"अक्का," ती हळूच म्हणाली. "आमाला वाटलं तुमाला ठाऊक हाय."

"मला?"

"मागच्या रविवारी झाकण तुमीच धुतलाव की. मी पाणी प्यायला आल्ते. बघितलं मी."

नळ थेंबाथेंबाने गळत होता. नेत्रावतीने मागे वळून पाहिलं नाही. कडप्प्याच्या काठावर, त्याच जागी, तिला ते झाकण दिसलं. तळाला गुलाबी. तिने तेव्हा बोट लावून वास घेतला होता. शिवूची सर्दी आठवली होती. सर्दी जाऊन महिना झाला होता, हेही आठवलं होतं. मग बाहेरून अमरेशने हाक मारली होती, 'नेत्रा, तुझी पाळी!', इतक्या मोकळ्या आवाजात, जशी हाक तो बाळंतपणाआधी मारायचा. तिने झाकण धुतलं, पालथं घातलं, पदराला हात पुसले आणि जाऊन सुनीलकुमारला चौथा विंचू दिला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. शिवू त्या दिवशी सहाला उठला.

सुधारानीने तिचं मनगट धरलं. बोटं चिकट होती.

"मी कुणालाच सांगणार न्हाई, अक्का. आपल्या आपल्यात."

नेत्रावतीने मनगट सोडवून घेतलं.

गाडीत सुनीलकुमार आरशातून तिच्याकडे बघत बोलत होता. बाटली दाखवा, पण दुकान सांगू नका. लायसनचं असतं वैनी. पुढच्या महिन्यात तपासणी हाय. अमरेश त्याच्या शेजारी बसून रस्त्याकडे बघत होता. नेत्रावतीने शिवूच्या छातीवर तळवा ठेवला होता. वर, खाली. वर, खाली. तिच्या मनगटावर सुधारानीच्या बोटांचं तेल होतं. एक चुकार मुंगी शिवूच्या कानामागून निघाली. तिने ती चिमटीत धरली, आणि टाकायला जागा नव्हती म्हणून तशीच धरून ठेवली.

डॉक्टर वयस्क होते. घरी चहा पीत असताना उठून आले होते. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. त्यांनी शिवूला टेबलावर घेतलं, पापण्या उचलून बॅटरी मारली, छातीला नळी लावली. मग तळपायावर टिचकी मारली. पुन्हा, जोरात. शिवूने डोळे उघडले, समोरचा अनोळखी चेहरा पाहिला आणि घोगऱ्या आवाजात रडायला लागला. इतका चांगला आवाज नेत्रावतीने जन्मात ऐकला नव्हता.

"रडू दे, रडू दे," डॉक्टर म्हणाले. "वजन?"

"आठ किलो दोनशे," नेत्रावती म्हणाली.

"बाटली हाय? दाखवा." त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचलं. "हे एवढ्या लेकराला कोण देतं? किती दिलं?"

"अर्धं झाकण, सर," अमरेश म्हणाला. "किरकिर करायला होता म्हणून. चुकलं."

"किती वाजता?"

"अडीच."

डॉक्टरांनी कागद ओढला आणि लिहायला लागले. "याच्या आधी कधी?"

"न्हाई सर. पहिल्यांदाच."

अमरेशची बोटं मनगटावर फिरत होती. घड्याळ घरीच, पत्त्यांवर राहिलं होतं.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून चष्म्यावरून नेत्रावतीकडे पाहिलं. बघायची सवय असलेलं माणूस बघतं तसं बघितलं. दारात सुनीलकुमार किल्ली फिरवत उभा होता.

शिवू तिच्या पदराकडे हात करत होता. दंडावर दोऱ्याची रिकामी पांढरी खूण होती, तिच्या दोन्ही बाजूंना लाल गांधी.

तिने चिमटीतली मुंगी टेबलाच्या काठाला पुसली.

"हा तिसरा रविवार हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या रविवारचं झाकण मी धुतलंय."

अमरेशने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पाच रविवारांत पहिल्यांदाच तिच्या तोंडावर काय आहे ते तो वाचायला बघत होता.

डॉक्टरांनी शेवटच्या ओळीवर काट मारली. पायाने स्टूल पुढे ढकललं.

"बसा," ते म्हणाले. "पहिल्या रविवारपासून सांगा."

तिने शिवूला उचलून घेतलं आणि ती स्टुलावर बसली.