पडद्यावर न आलेली इल्वा

मी पाचवा खंड. एका परदेशी अद्भुत कादंबरीमालेचा शेवटचा भाग, मराठी अनुवाद, पानं पाचशे बारा. माझी चारही भावंडं दिसायला माझ्याहून देखणी. पण सगळ्या गोष्टीचा शेवट माझ्या पोटात आहे.

२०१२ साली औरंगपुऱ्यातल्या दुकानातून चारुतानं मला घेतलं. ती बँक अधिकाऱ्याची मुलगी. चार दिवसांत तिनं माझा फडशा पाडला आणि कॉलेजातल्या मैत्रिणीच्या, शालूच्या, हातात दिलं. "परत द्यायची घाई करू नकोस," म्हणाली. शालूनं कधीच केली नाही.

शालू गंगापूरकडची. तिचे वडील, त्रिंबकआबा, मेंढरं राखायचे. त्या वर्षी दुष्काळ होता; कळप चाऱ्यासाठी गोदावरीच्या काठानं हिंडत होता. सुट्टीत शालू मला घेऊन तिकडे गेली. आबांना अक्षरओळख नव्हती. मेंढरं बाभळीखाली बसली की शालू मोठ्यानं वाचायची. राजपुत्राच्या लढायांना आबा जांभया द्यायचे. इल्वा आली की मात्र म्हणायचे, "हां, आता हळू वाच."

इल्वा म्हणजे मेंढपाळीण. शेवटच्या युद्धात दोन्ही सैन्यं खिंडीतल्या धुक्यात अडकतात. इल्वा म्होरक्या मेंढीच्या घंटेमागं चालत जाते आणि सगळ्यांना, शत्रूलासुद्धा, सुखरूप खाली आणते. ते प्रकरण आबांनी तीनदा वाचायला लावलं.

"लिहिणाऱ्यानं मेंढरं राखल्याली दिसत्यात," ते म्हणाले. "धुक्यात माणसानं शहाणपण करू नाय. मेंढराच्या मागं जावं."

ते तिला इलूबाई म्हणू लागले.

पुढं पुन्हा दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. नव्वद मेंढरांची वीस राहिली, तीही भावाकडे. चरायच्या रानात प्लॉट पडले. आबा चिकलठाण्याला एका नव्या बांधकामावर वॉचमन झाले. शालू तिथंच एका कारखान्यात लागली होती. आबा आता फारसं बोलत नसत.

आमच्या एकेका खंडावर सिनेमा निघत होता; २०१६ च्या उन्हाळ्यात शेवटचा, माझ्यावरचा, आला, हिंदीतून. चारुतानं तिघांची तिकिटं काढली. आबा कधी थिएटरात गेले नव्हते. त्यांनी धुतलेला पटका बांधला. मी शालूच्या पिशवीत होतो, तिच्या मांडीवर.

गर्जना झाल्या, तलवारी खणखणल्या, लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"शालू, इलूबाई कधी येती?"

"येईल, आबा."

मग सिनेमा संपला, दिवे लागले.

बाहेर चारुता संतापली होती. "चार भाग नीट केले आणि शेवटी माती खाल्ली!"

चहाच्या टपरीवर आबांनी अर्धा कप संपवला, मग विचारलं, "ती घोड्याचा लगाम धरून उभी व्हती, तीच का इलूबाई?"

"व्हय."

"आन् धुकं?"

"राजपुत्रानं तलवारीनं फोडलं."

आबा हसले नाहीत. "म्हंजी मेंढरावाल्याचं काम दाखवावं असं कुणालाच वाटलं नाय."

निराश मीही होतो. माझी साठ पानं एका वारात उडवली होती. पण आबांच्या तोंडाकडे पाहिल्यावर माझं दुःख मला किरकोळ वाटलं.

शालूनं मला उघडलं. "थांबा आबा, खरं काय ते पुन्हा वाचते."

आबांनी पानावर तळहात ठेवला. "तू वाचती तवा मी तुझ्या तोंडाकडं बघत असतो. ते कुठं लिवलंय, मला दाव. मला शिकव."

"आता? या वयात?"

"तुला येळ नसंल तर तसं सांग."

शालूनं दर रविवारी शिकवलं. मधे आबांनी दोनदा पाटी ढकलून दिली, दोनदा स्वतःच उचलली. रस्त्यावरच्या पाट्या वाचता यायला सहा महिने गेले, माझ्यापर्यंत यायला वर्ष. जोडाक्षर अडलं की ते शालूला फोन लावत.

गेल्या महिन्यात इल्वाचं प्रकरण त्यांनी एकट्यानं वाचून संपवलं. इमारतीच्या इंजिनिअरनं विचारलं, "काका, काय वाचताय?"

"माझ्या कामातलंच हाय साहेब," आबा म्हणाले. "मी मेंढरं राखायचो."

साहेब खुर्ची ओढून बसले. आबांनी त्यांना दोन पानं वाचून दाखवली, अडखळत, बोट ठेवून.

आज मी वॉचमनच्या केबिनमध्ये असतो. पानांत सिमेंटची धूळ आहे, कोपरे मुडपलेत. तक्रार नाही. एकच मागणं आहे: सिनेमानं तुमच्या आवडत्या माणसाचं काम गाळलं, तर नुसतं चिडून थांबू नका. ते पान कुणाला तरी वाचून दाखवा.

पुरे आता. आबा चष्मा पुसतायत. आज ते पहिल्या पानापासून सुरुवात करणार आहेत.