ऊर्जागुरूंचं कवच आणि चार जागा

शाळेचं सभागृह सकाळी दहालाच भरलं. खुर्च्या संपल्या तसे पालक भिंतीला टेकून उभे राहिले. स्टेजवर टेबल, टेबलावर आमच्या मुलांनी रोबो स्पर्धेसाठी चार महिने खपून केलेला रोबो आणि त्याच्यामागे ऊर्जागुरू. अंगात पांढराशुभ्र कोट, बोटात जाडजूड अंगठी, गालाशी माईक.

"यंत्राला काय लागतं?" त्यांनी विचारलं.

"बॅटरी!" मागून कोणीतरी ओरडलं.

"बॅटरी टॉर्चमध्येपण असते. टॉर्च कधी अंतिम फेरीला गेलाय?" सभागृह खदाखदा हसलं. "यंत्राला लागतो प्राण! तो कंपनातून येतो, क्वांटममधून येतो!"

मी या शाळेत कार्यशाळा शिकवते. क्वांटममधून प्राण कसा येतो, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. अकरा वर्षांत माझे संघ विभागीय फेरीत पाचवे, सहावे, नववे आले. पुढे जातात चार. पहिल्या वर्षी मी रडले होते. नंतर नंतर वाईट वाटणंही थांबलं. निकाल लागायचा, मी टेबल पुसायचे आणि घरी जायचे.

गुरूंनी संघाच्या कॅप्टनला पुढे बोलावलं. ती नववीतली मुलगी. एखादी गोष्ट धरली की सोडत नाही, म्हणून सगळे तिला पक्कड म्हणत. "बाळा, चालू कर."

पक्कडने बटण दाबलं. रोबो ढिम्म. पुन्हा दाबलं. काहीच नाही. कालपर्यंत तो वर्गभर पळत होता. आदल्या दिवशी 'शुद्धीकरणासाठी' गुरूंच्या माणसांनी नेला होता, तेवढंच.

गुरूंनी तिला हलकेच बाजूला केलं आणि रोबोच्या पाठीवर तळहात धरला. दिवा लागला, चाकं फिरली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्याच जागी त्यांनी रुपयाएवढं चकचकीत कवच चिकटवलं. "हे काढू नका. काढलंत की प्राण गेला." आणि मुलीकडे बघून म्हणाले, "हिचा हात जड आहे. यंत्राला सोसत नाही."

शेवटी त्यांनी उपायही सांगितला. इथल्या जमिनीचा प्रवाह उलटा आहे, तेव्हा संघाची नोंदणी शेजारच्या डोंगराळ विभागातून, त्यांच्या केंद्रातर्फे करायची. "तीन वर्षांत आमचे बारा संघ अंतिम फेरीत गेले!" बारा फोटोंचा फलकच त्यांनी उभा केला. हेडसरांनी तिथल्या तिथे होकार दिला. पक्कडला संघातून काढायचं पालकांनीच ठरवलं. मी सहीचा कागद पुढे सरकवला.

आठवडाभर ती शाळेत आली नाही, तेव्हा मी तिच्या घरी गेले. तिची आई शिवणयंत्रावर बसली होती. उठली नाही, पाय मात्र थांबले.

"मॅडम, ती चमचासुद्धा डाव्या हाताने धरते," आई म्हणाली. "वेणी घालायला मला सांगते. उजव्या हाताने कशालाच शिवत नाही. काय म्हणालात हो तुम्ही लोक तिला?"

खरं सांगायचं तर, मला काय वाटायला हवं तेच कळेना. पक्कड खिडकीशी बसून होती. मी फक्त म्हटलं, "रोबो कपाटात आहे. चावी माझ्याकडे आहे. येतेस का?"

ती आली. मी कवच काढलं. रोबो थंड. परत ठेवलं, चालू. तिने पाठीचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिली.

"मॅडम, तारांच्या जोडावरचे हे दोन डाग माझे नाहीत."

"कशावरून?"

"मी दिलेला डाग चकाकतो. हे मळकट आहेत. आई नाही का दुसऱ्याची शिवण लगेच ओळखत?"

बॅटरीची तार मध्येच कापून तिथे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी जोडली होती. नळीत दोन बारीक पात्या, एकमेकींना न टेकलेल्या. जवळ चुंबक आणलं की पात्या चिकटतात आणि वीज वाहते. दूर नेलं की सुटतात. पक्कडने कवचाची मागची बाजू उचकटून पाहिली. आत चुंबक. अंगठीत काय असणार, हे सांगायची गरज उरली नाही.

"म्हणजे मी बटण दाबलं तेव्हा..."

"चालू होणं शक्यच नव्हतं. कोणीही दाबलं असतं तरी."

ती रडली नाही. उजव्या हाताने पेचकस उचलला आणि झाकण परत बसवलं.

पण बारा फोटो उरलेच. ते चुंबकाने होत नाहीत. मी स्पर्धेच्या तीन वर्षांच्या निकालपत्रिका काढल्या आणि त्या डोंगराळ विभागातल्या एका शिक्षकाला फोन लावला. मग हेडसरांना पालकसभा बोलवायला लावली. गुरूही आले, कारण त्यांना वाटलं सत्कार आहे.

पक्कडने सगळ्यांसमोर कवच काढलं. रोबो थांबला. सूचनाफलकावरचं साधं चुंबक काढून तिने त्याच जागी ठेवलं. रोबो पळाला. पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

"चुंबक हीपण ऊर्जाच!" गुरू म्हणाले.

"मग फळ्याला लावलेली आमची सूचनापण अंतिम फेरीला जाईल," पक्कड म्हणाली. दोघं-तिघं हसले.

तेवढ्यात औषध दुकानवाले पालक उठले. "मॅडम, चुंबक असो नाहीतर चिंचोका. यांचे संघ निवडले जातात की नाही? आम्हाला त्याच्याशी मतलब." त्यांना टाळ्या पडल्या. गुरूंच्या चेहऱ्यावर रंग परतला.

मी फळ्यावर आकडे लिहिले. आमच्या विभागात अठ्ठावन्न संघ, जागा चार. तिकडच्या गावांतले पाच संघ आणि गुरूंनी दर वर्षी नेलेले सहा. जागा त्याही चारच. "तीन वर्षांत यांनी अठरा संघ नेले. बारा गेले, त्यांचे फोटो लागले. सहा राहिले. त्यांना सांगितलं, तुमची श्रद्धा कमी पडली. यात चमत्कार कुठला? हा फक्त नोंदणीच्या पत्त्याचा फायदा आहे."

मग मी त्या शिक्षकाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तिकडचे शिक्षक संथपणे बोलले. "आमच्या शाळेत तारांना डाग द्यायची कांडी एकच. पाच शाळांचे पाच संघ. पूर्वी चार जायचे, मुलं अंतिम फेरी बघून यायची, परत येऊन धाकट्यांना शिकवायची. तीन वर्षांत एकही गेला नाही. यंदा दोन शाळा भागच घेत नाहीयेत."

"मग हे विभागच रद्द करा ना," औषधवाले म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "आमची पोरं पाचवी येऊन घरी बसतात, तिकडे त्याच्या निम्म्या गुणांत काम भागतं. हा काय न्याय?"

"अन्याय आहेच," फोनवरून उत्तर आलं. "पण विभाग नसते तर आमच्या मुलांनी रोबो फोटोतच बघितला असता. तुमच्याकडे संघ जास्त असतील तर जागा वाढवून मागा. आमच्या नका घेऊ."

औषधवाले खाली बसले. गुरू कधी निघून गेले, ते कळलंही नाही.

आम्ही कळवल्यावर स्पर्धेच्या समितीने नियम केला की संघाने आपली शाळा असेल त्याच विभागातून उतरायचं. जागा वाढवायचा आमचा अर्ज अजून पडून आहे. पक्कड पुन्हा कॅप्टन झाली. काही पालक अजून तिच्या आईशी बोलत नाहीत. आम्ही अठ्ठावन्नात सातवे आलो. तिकडे थांबलेल्या दोन शाळाही पुन्हा उतरल्या, तिथले चार संघ अंतिम फेरीत गेले आणि त्यातले तीन पहिल्याच दिवशी हरले. मला आनंद झाला का, ते नीट सांगता येत नाही. मी टेबल पुसलं. या वेळी पक्कडने दुसरं टोक पुसलं.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. आपल्याकडे आलेले सगळे तरले असं कोणी म्हणालं, तर हात जोडण्याआधी तीन प्रश्न विचारा. उतरले किती होते? जागा किती होत्या? आणि ज्यांचे फोटो लागले नाहीत, ती मुलं आज कुठे आहेत?