आपोआप उमटणारा त्रिशूळ

१९५८ साली आमच्या किनाऱ्यावर त्रिशूळबुवा उतरला आणि देवळाच्या मांडवात उभं राहायला जागा उरेना. मंतरलेल्या तेलात काडी बुडवून बुवा बायकांच्या दंडावर त्रिशूळ रेखायचा, लगेच पुसून टाकायचा आणि गर्जायचा, "तिसऱ्या दिवशी देवीमाय स्वहस्ते काढील. मग तुझ्या माणसाला बुडवायची दर्याची काय बिशाद?" तिसऱ्या दिवशी काळा, फुगीर त्रिशूळ खरंच उमटायचा. मग बुवा तो सुईने टोचून पक्का करायचा. साऱ्या गावाला सुई एकच आणि वरून शेणीची राख.

मी दवाखान्यातला कंपाउंडर. सुई उकळा, राख भरू नका, असं घसा फोडून सांगितलं, पण ऐकतंय कोण? माझी शेजारीण मथुरा, तिचा नवरा लवू मासेमारीच्या होडीवर. तिनेही दंड पुढे केला.

आठव्या दिवशी तिची दातखीळ बसली. देवीने सुनेला मौन दिलं, असं सासू हौसाबाई कौतुकाने सांगत आली. हा धनुर्वात आहे, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या, म्हणून मी तिच्या पाया पडलो. बुवाने मात्र ढोल वाजवायला सांगितला. ढोलावर टिपरी पडली की मथुरेचं अंग कमानीसारखं वाकायचं आणि लोक हात जोडायचे. लवू परतल्यावर आम्ही तिला खाटेवरून दवाखान्यात नेलं, पण फार उशीर झाला होता. त्याच दुपारी ती गेली. तिने पथ्य मोडलं, असं बुवाने सांगून टाकलं.

पुढच्या आठवड्यात हौसाबाई नातीला, सात वर्षांच्या जानकीला, घेऊन पुन्हा मांडवात. मी भर गर्दीत बाही वर केली. माझ्या दंडावर तसाच त्रिशूळ होता. म्हटलं, "हा मी तीन दिवसांपूर्वी बिब्ब्याच्या तेलाने काढला. परीट कपड्यावर खूण करतो तोच बिब्बा. कातडी भाजते, फोड येतो. बुवाचं तेल तेच आहे."

बुवाने तेलाची वाटी धोतराआड सरकवली. सगळ्यांनी पाहिलं. हौसाबाई माझ्या दंडाकडे बघत राहिली.

"कंपाउंडरांनू, देवी तुमका पावली," ती रडत म्हणाली. "मगे माझ्या मथुराक कित्याक नाय पावली? आता जानकीच्या दंडार तुमीच काढा, तुमचो हात तरी खरो."

मी जानकीला जवळ ओढून धरलं.

वाचकहो, बिब्बा कुणाच्याही कातडीवर फोड आणतो, त्याला देवी लागत नाही. न उकळलेली सुई टोचून घेऊ नका, जखमेत राख भरू नका. आणि दातखीळ बसली तर ढोल वाजवू नका, डॉक्टर गाठा.