हौसाचा हा नवस नव्हता

नवस नव्हता.

हे आधीच सांगितलेलं बरं, पुढं कुणी ऐकून घेणार नाही. पेणच्या खाडीकाठी मिठागरावर राबणारी हौसा डोक्यावर मिठाची पाटी घेऊन रोह्याला चालत निघाली, ती कुठल्या देवीला बोलली होती म्हणून नाही. तिची पोर प्रतीक्षा सहा वर्षांची होऊन गेली. डोक्यात गाठ होती. आधी डोळा तिरळा झाला, मग जीभ जड झाली, मग मुंबईच्या इस्पितळातली खाट, आणि मग

मग काही नाही.

गावात मात्र पुष्कळ होतं. सासू बायजाबाईनं बाराव्याच्या आधीच निकाल लावला. "पोटुशी होतीस, ग्रहण लागलेलं, आन् तू विळीवर बसून निवट्या कापल्यास. मी तवाच बोललेली." निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे. त्यांच्यावरून गेली सहा वर्षं कुणी चकार शब्द काढला नव्हता. पोर गेली आणि निवट्या वर आल्या. आगरावर बायका तेच बोलत, नळावर तेच. हौसा आली की गप्प. हौसा गेली की पुन्हा निवट्या.

तिनं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून बघितलं होतं. रोहिणी त्यांचं नाव, तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं.

"बाई, ग्रहणानं होतं का हे?"

"नाही. अजिबात नाही."

"मग कशानं होतं?"

"माहीत नाही."

"एवढ्या शिकलात, आन् माहीत नाय?"

"कुणालाच नीट माहीत नाही, हौसाताई. लहान मुलांच्या या गाठींवर संशोधन व्हायला हवं. त्याला माणसं लागतात, यंत्रं लागतात, वर्षं लागतात. आणि पैसा लागतो, तो कुणी देत नाही."

हौसाला त्या बाईचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. अर्धंच उत्तर! 'ग्रहणानं नाही' एवढंच घेऊन घरी गेलं तर सासू विचारणार, मग कशानं गो? तेव्हा काय सांगायचं? उरलेलं अर्धं कुणीतरी शोधून काढल्याशिवाय तिच्या कपाळावरचा ठपका पुसला जाणार नव्हता. पोर परत येणार नव्हती. पण पोरीला खाल्लं कशानं, ते तरी कळू दे.

बाई सहज बोलून गेल्या, की बाहेरच्या देशांत लोक अशा कामासाठी पळतात, पोहतात, सायकली हाणतात आणि बघणारे त्यांना पैसे देतात.

"मला पळता नाय येत," हौसा म्हणाली. "ओझं घेऊन चालता येतं. रोह्याच्या बाजारापर्यंत जाते, बघू कोण देतं."

वडखळ

नवरा जगन पुढं चालत होता, हातात डालडाचा डबा, झाकणाला फट, वर कागद डकवलेला: लहान मुलांच्या मेंदूतील गाठीच्या संशोधनासाठी. हौसा मागं. पाटी रोह्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर द्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. पायात चपला नव्हत्या. आगरावर कुणाच्या असतात? अनवाणी चालायची सवय, म्हणून अनवाणी. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं.

पण होळीच्या तोंडावरचं ऊन, तापलेलं डांबर, अनवाणी बाई, डोक्यावर ओझं.

अलिबागचा रस्ता फुटतो त्या नाक्यावर भाजीवाल्या बसतात. त्यांतली एक म्हातारी उठली, तांब्याभर पाणी हौसाच्या पायांवर ओतलं, हळद-कुंकू लावलं, आणि नारळ-तांदूळ-खण घेऊन समोर उभी राहिली. "पदर पसर गो बाय."

ओटीला नाही म्हणायचं नसतं. तोंडावर म्हणायचं नसतं, मनात म्हणायचं नसतं. हौसानं एक हात पाटीवरून काढला आणि पदर पसरला.

झालं. घोटाळा तिथंच झाला. मागाहून तिनं त्या हाताला फार शिव्या दिल्या.

लोक म्हणाले, वडखळला: पेणची कोण बाई हाय, नवस फेडायला चालली.

कासू

ती पायी होती. गोष्ट एस्टीनं गेली.

कासूला पोचली तेव्हा बायका आधीच रस्त्याला लागून उभ्या. पाणी, कुंकू, नारळ. जगनच्या खांद्यावरच्या पिशवीचं पोतं झालं. डब्याकडं कुणी बघेना. एकानं टाकली चिल्लर, ती पण हात जोडून.

"अवो, त्यांना कागद वाचून दाखवा ना," हौसा म्हणाली.

"दाखवला."

"मग?"

"वाचतात, आन् पाया पडतात. मी काय करू? माझ्या पण पडले एक-दोघं."

"हसू नका."

"हसत नाय गो. लाज वाटते, म्हणून दात दिसतात."

एक मास्तर सायकलवरून उतरले. त्यांनी कागद मोठ्यानं वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "संशोधन वगैरे ठीक आहे. पण श्रद्धा ती श्रद्धा." मग चपला काढून नमस्कार केला.

लोक म्हणाले, कासूला: तिच्या हातून कायतरी पाप झालंय. म्हणून ओझं.

नागोठणे

रात्री ओळखीच्या पडवीत पाठ टेकली. सकाळी मान दगडाची झाली होती. अंगणात माणसं. एका तान्ह्या पोराला कुणीतरी तिच्या पायांवर घालायला आणलं.

"उचला त्याला!" हौसा किंचाळली. "मी कोण हाय? माझीच पोर मला राखता नाय आली!"

आई घाबरली, पोर घेऊन मागं सरकली. म्हातारे मात्र माना डोलवायला लागले.

लोक म्हणाले, नागोठण्याला: अंगात येतं तिच्या.

खिंड

खिंडीत कुणी नव्हतं. चढावर दोघंच. हौसा तिथं मोठमोठ्यानं बोलली: देवाला, डॉक्टरला, बायजाबाईला, पाटीला. काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. जगननं ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

रोहे

वेशीवर बेंजो.

हैबतरावांनी मांडव घातला होता. हैबतराव म्हणजे तिथल्या एका देवीच्या मंडळाचे अध्यक्ष, आवाज खडा, मन वाईट नाही. खरंच वाईट नाही, आणि पंचाईत तीच. त्यांनी दोन दिवसांत बाजारपेठ पालथी घातली होती. देवीपुढच्या परातीत नोटांचा ढीग. डालडाच्या डब्यात वर्षभर चालूनही पडला नसता एवढा.

"सगळा पैसा तुझ्या त्या इस्पितळाला, बाय," ते म्हणाले. "मंडळाला एक रुपया नको. मी स्वतः मुंबईला येऊन देतो. तू फक्त पाटी पायरीवर ठेव, आन् माइकवर नवस फेड. काय म्हणतात ते तुला ठाऊकच हाय."

ठाऊक होतं. लहान पोराला ठाऊक असतं. चुकलंमाकलं पदरात घे, आई. बस्स. लग्नात म्हणतात, घरभरणीला म्हणतात, म्हणताना कुणी विचारही करत नाही.

माइक तोंडासमोर आला. चुकलंमाकलं.

हौसाची जीभ उचलेना.

जगन कानाशी वाकला. "म्हण ना गो. चार शब्द तर हायत. बाईंचं काम होईल. ज्याच्यासाठी निघालो, ते होईल."

"काय चुकलं माझं?"

"तसं नाय गो. तोंडदेखलं म्हणायचं."

"तोंडदेखलं पण, काय चुकलं?"

जगन ओझ्यानं, उन्हानं, लाजेनं थकला होता. थकलेला माणूस खरं बोलतो. "आता ग्रहणात कापल्या होत्यास, ते काय खोटं हाय?"

माइक चालू होता. मांडवभर ऐकू गेलं.

हौसा नवऱ्याकडं बघत राहिली. सासू बोलली होती, आगर बोललं होतं. हा कधी बोलला नव्हता. इस्पितळात रात्र रात्र पोरीचे पाय चेपत बसलेला हा माणूस तिच्याशेजारी तेच मनात धरून बसला होता. पेणपासून तिच्यापुढं डबा घेऊन चालत होता, आणि त्याच्यापुरतं हे चालणं नवसाचंच होतं.

"व्हय," ती माइकमध्ये म्हणाली. "कापल्या. ग्रहणात निवट्या कापल्या मी. पण खाल्ल्या कुणी ते विचारा ह्यांना."

मांडवातल्या माना जगनकडं वळल्या.

"ग्रहण सुटायच्या आधी भूक लागली कुणाला? ह्यांना. ह्यांच्या आयशीला. कापणारी मी, खाणारे हे. रस्सा भुरकून खाल्ला, वर भात मागितला. मग गाठ ह्यांच्या डोक्यात का नाय आली? म्हातारी अजून सुपारी फोडते दातानं! माझ्या पोरीनं काय केलं होतं?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"कशानं झालं ते मला माहीत नाय. डॉक्टरला माहीत नाय. तुम्हाला कुणालाच माहीत नाय, आन् तरी सगळे सांगता! ते शोधायला मी पैसे मागते. माफी मागायला नाय आले. ज्यांनी नवसाला टाकलेत, त्यांनी आपापले उचलून घ्या."

"बाय, डोकं थंड कर," हैबतराव म्हणाले. "तुझ्याच कामाला जाणार हायत हे."

"माझ्या नावावर पाप लिहून जाणार. नको."

मग पुढच्या रांगेतला एक दुकानदार उठला, इकडंतिकडं न बघता परातीतली नोट घेऊन गेला. त्याच्यामागं दुसरा. मग रांगच लागली. नमस्कार करून घेत होते. काही जण आले, थबकले, हात मागं घेऊन गेले. हैबतरावांनी कपाळाला हात लावला. शेवटी परातीच्या तळाशी जे राहिलं, ते हौसानं न बघता डब्यात कोंबलं. डबा भरला नाही.

ती मांडवाबाहेर आली. जगन पाठोपाठ, मान खाली, नारळांचं पोतं पाठीवर.

"ते ठेवा तिथं," ती म्हणाली.

त्यानं पोतं ठेवलं. तिनं पाटी उतरवली, चुंबळ डोक्यावरून काढली, त्याच्या डोक्यावर ठेवली आणि पाटी वर चढवली. त्याचे गुडघे किंचित लवले. पुरुष मिठाची कावड खांद्यावर नेतात. डोक्यावर पाटी ही बायकांची गोष्ट.

"मी रोह्यापर्यंत आणली. परत जाताना तुम्ही न्यायची. गावागावात विचारतील."

"काय सांगू त्यांना?"

"काय माहीत हाय तुम्हाला?"

जगननं डोक्यावरची पाटी सावरली. बेंजोवाले सामान आवरत होते. नाक्यावरच्या रिक्षावाल्यानं पाटीखालचा पुरुष बघितला, आणि तोंडातली बिडी काढून हसत विचारलं, "काय दादा, कसला नवस?"

जगननं हौसाकडं बघितलं. ती रस्त्याकडं बघत होती, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"सांगा त्याला," ती म्हणाली.