प्रार्थनेच्या वेळचं पाणी

आधीच सांगतो, मी चांगला मास्तर होतो. माझ्या पोरांसारखे पाढे अख्ख्या तालुक्यात कुणाला येत नव्हते. माणूस म्हणून मी कसा होतो, ते पुढं कळेलच.

सन पंचेचाळीसचा उन्हाळा. मिरजगावच्या पुढं, सीना नदीच्या खोऱ्यात आमची मिशनची शाळा होती. एक खोली, एकतीस पोरं आणि मी, शलमोन मास्तर. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नव्हते. म्हणून शाळेचं पाणी दीड मैलावरून यायचं, नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून. ते आणायची आक्काबाई. म्हातारी बाई, पायात नारू होऊन गेलेला, डावा पाय ओढत चालायची. तिचा नातू आमच्याकडं शिकून पलटणीत गेला, तरी तिनं पाणी भरणं सोडलं नाही. पगार नव्हता, कारण मिशनच्या कागदावर ती नव्हतीच.

ती यायची नेमकी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी. तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे. मागच्या कोपऱ्यातल्या रांजणात घागर रिकामी होतानाचा आवाज यायचा, आणि आमेन म्हणून डोळे उघडेपर्यंत ती निघून गेलेली असायची. सहा वर्षांत तिचा चेहरा मी मोजक्या वेळाच नीट पाहिला असेल.

शाळेसाठी आयाबाया मूठ काढायच्या. दळायला बसताना रोज एक मूठ ज्वारी शाळेच्या मडक्यात. ते धान्य माझ्याकडं जमायचं आणि ते विकून पाट्या, खडू, कौलं यायची. आदल्या नाताळात त्याच मुठीतून बायांनी मला कोट शिवला होता. साहेब तपासणीला येतात, मास्तर नीटनेटका दिसायला हवा, हे मीच त्यांना पटवून दिलं होतं.

फेब्रुवारीत मरियम आली. रोझी नावाच्या पोरीची ही आई, बायांमध्ये हिचा शब्द चालायचा.

"मास्तर, औंदाच्या मुठीतनं आक्काला लुगडं घ्यावं म्हन्तो आमी. तिच्या अंगावरल्याला निस्त्या गाठीच हायेत."

"मूठ शाळेची आहे मरियमबाई," मी म्हणालो. "लुगडं म्हणजे काय शाळा आहे?"

ती माझ्या कोटाकडं बघत राहिली. पुढच्या हंगामाला बघू, असं सांगून मी तिला वाटेला लावलं.

मार्चात आक्काबाईचा पाय पुन्हा सुजला, ताप भरला आणि चौथ्या दिवशी ती गेली. नदीच्या वाटेवर आमचं कबरस्तान आहे, तिथं तिला पुरली. त्या गाठींच्याच लुगड्यात.

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थना सुरू केली, डोळे मिटले, आणि मागं रांजणात पाणी पडायला लागलं.

पोरं हलली नाहीत. मी कशीबशी प्रार्थना उरकली आणि मागं गेलो. रांजण भरलेला होता. पाणी गार, तळाशी नदीची वाळू. सारवलेल्या जमिनीवर दारापर्यंत ओली पावलं गेली होती, त्यातलं डावं फरफटलेलं. माझ्यादेखत ती वाळून गेली. मी घरोघर जाऊन विचारलं. पाणी आपण आणलं, असं एकही बाई म्हणाली नाही.

रोज तेच होऊ लागलं. पोरं ते पाणी प्यायली, तहान लागल्यावर काय करणार. मीही प्यालो.

एकदा मी प्रार्थनेत डोळे किलकिले केले. कोपऱ्यात कुणी नव्हतं. रांजणातलं पाणी मात्र हळूहळू वर चढत होतं. मी डोळे इतके गच्च मिटले की दुखायला लागले. पुन्हा तो आगाऊपणा केला नाही.

रविवारी उपासनेनंतर सगळे पालक बसले. मरियम म्हणाली, "लुगडं दिल्याबिगर ती जायची न्हाई. मुठीतनं घ्या आन् तिच्या मातीवर घाला."

यशया शाळेच्या पंचांतला वडीलधारा, शहाणा माणूस. तो म्हणाला, "देऊ की. पर दिलं म्हंजी ती जानार. मग पानी कोन आननार? पाऊस पडूस्तवर ऱ्हाऊ द्या."

कुणी हसलं नाही. कुणाला वाईट वाटल्याचंही दिसलं नाही. बाया दिवसभर मजुरीला जायच्या, घरचं पाणी भरतानाच त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. पाण्यावाचून शाळा बंद पडली असती, हे खरंच होतं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. मेलेल्या बाईला राबवायचं एकमतानं ठरलं. आज लिहितानाही मला याची लाज वाटते.

एप्रिल लागला, तसा पाण्याचा आवाज उशिरा यायला लागला. डाव्या पावलाची नुसती रेघ उमटू लागली. दाराशी पाण्याचं थारोळं दिसायचं, जणू घागर तिथं टेकवली असावी. एके सकाळी पाणी पडता पडता मधेच थांबलं. खोलीत एकतीस पोरं श्वास रोखून उभी होती आणि मागं कुणीतरी दम खात होतं. मग पुन्हा थोडं पाणी पडलं. पुन्हा थांबलं.

डोळे मिटूनच रोझी रडायला लागली.

"मास्तर, आक्का दमलीया. तिला बसू द्या की."

मी त्या दिवशी पोरांना लवकर घरी पाठवलं आणि ज्वारीचं पोतं घेऊन मिरजगावचा बाजार गाठला. लढाईमुळं कापड कुठं मिळत नव्हतं. तीन दुकानदारांनी हात वर केले. चौथ्यानं मागच्या दारानं एक हिरवं जाडंभरडं लुगडं काढून दिलं, दुप्पट भावानं. सगळी मूठ त्यातच गेली.

"इचार केलाय न्हवं?" परतताना वाटेत भेटलेल्या यशयानं विचारलं.

"केलाय," मी म्हणालो.

संध्याकाळी मरियमनं ते लुगडं मातीवर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. "आक्का, लई केलंस गं. आता बस," ती म्हणाली. सकाळी दगड जागच्या जागी होते, लुगडं नव्हतं. त्या साली नवं लुगडं उघड्यावर टिकलं नसतंच. कुणी नेलं असेल.

त्या दिवशी मी प्रार्थना सुरू केली. पोरांसाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, पलटणीतल्या माणसांसाठी मागितलं. शब्द संपले, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मागच्या कोपऱ्यात काहीच वाजत नव्हतं. मीच तिला मोकळं केलं होतं, आणि तरी माझे कान तिकडं लागले होते. ये, असं मी मनात म्हणत होतो. आजच्या दिवस ये.

"मास्तर," रोझी हळूच म्हणाली, "आमेन म्हना आता."

मी आमेन म्हणालो. रांजण कोरडा होता. मी घागर उचलली आणि पोरांना पाढे म्हणायला सांगून नदीची वाट धरली.

भरलेली घागर खांद्यावर घेऊन येताना मी सात वेळा थांबलो. सातही वेळा मला प्रश्न पडला, ती कुठं टेकत असेल. सहा वर्षं तिनं आणलेलं पाणी प्यालो, पण एवढं साधं मी तिला कधी विचारलं नव्हतं.