एक्केचाळीस किलोमीटर

यज्ञेश्वररावांनी छत्तीस वर्षं रेल्वेत गार्डची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही ती काही सोडली नाही. हिंदी मुलखातल्या शहरात, ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी सकाळचा चहा पाच मिनिटं चुकला, तरी ते घड्याळाकडे बघून ‘लेट’ म्हणायचे.

त्यांच्या बायकोनं, सुनीतीबाईंनी, जन्मात एकच हट्ट धरला. रेल्वेच्या पासावर खूप फिरलो, आता एकदा आपल्या गाडीनं समुद्राकाठची जुनी गावं पाहू, वाटेल तिथं थांबू, घाई नको. यज्ञेश्वरराव हो म्हणाले आणि लगेच टाईमटेबल लिहायला बसले. गोपाळपूर, कलिंगपट्टणम, भिमुनिपट्टणम. प्रत्येक गावापुढे पोचायची वेळ, सुटायची वेळ, आणि मध्ये ‘निवांत, ४० मिनिटं’. निवांतपणालाही वेळ लावून देणारा हा माणूस! पुढच्या सीटवर कागद, दुर्बीण आणि थर्मास बसले. सुनीतीबाई मागे, उशा-पांघरुणांच्या ढिगाशेजारी.

ती सफर आटोपून आता चार दिवस झाले होते. रविवारी शेजारच्या बुढापारा मोहल्ल्यातून हरिदास आले. ते जुने इंजिन ड्रायव्हर, म्हणजे यज्ञेश्वररावांच्याच गाडीचं दुसरं टोक. नात श्रावणी मोबाईलवर समुद्राचे फोटो बघत होती. यज्ञेश्वररावांना असा श्रोता मिळाला की ते सोडत नसत. गोपाळपूरच्या बुडालेल्या बंदराचे खांब झाले, भिमुनिपट्टणमचं डच लोकांचं कबरस्तान झालं, आणि मग त्यांनी ठेवणीतला किस्सा काढला. कलिंगपट्टणमचं दीपगृह पाहून आपण बरोब्बर दहा वाजता गाडी सोडली, गावाबाहेरच्या वळणावर सहज मागे पाहतो तर बाईसाहेब गायब! हरिदास पोट धरून हसले. गार्डानं स्वतःचीच सवारी फलाटावर सोडली, म्हणाले.

यज्ञेश्वरराव हसले खरे, पण वळणाची गोष्ट साफ खोटी होती.

खरं असं झालं होतं. दहाला ते गाडीत बसले, मागचं दार लागल्यासारखं वाटलं, आणि निघाले. वेळ झाली की गाडी सोडायची, चढायचं काम प्रवाशाचं. छत्तीस वर्षांत हाताला लागलेली सवय. वाटेत ते बोलत राहिले. इथून जहाजं कुठं कुठं जायची, मोडकी गोदामं कोणाची, सगळं वाचून आले होते. चाळीस वर्षं ते असेच बोलत आले होते आणि मागून ‘हव’, म्हणजे हो, येत आलं होतं. त्या दिवशीही दोनदा ‘हव’ आलं, असं त्यांनी शपथेवर सांगितलं असतं. श्रीकाकुलमच्या पुढं एका आडरस्त्यावर रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी गेली, त्यांनी सवयीनं डबे मोजले आणि विचारलं, अठ्ठावन्नच होते न? त्या दिवसातला हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी मान वळवली. मागे उशा होत्या, आणि चार्जिंगला लावलेला तिचा मोबाईल.

त्यांचं धाबंच दणाणलं. फाटक उघडलं, मागचे लोक हॉर्न वाजवू लागले, तरी त्यांच्यानं गाडी हलवेना. बायको राहिली याची भीती तर होतीच. पण त्याहून मोठा धक्का मीटरचा आकडा बघून बसला. एक्केचाळीस किलोमीटर आपण रिकाम्या सीटशी बोलत आलो. परतल्यावर सुनीतीबाई दीपगृहाच्या पायरीवर शांत बसलेल्या दिसल्या. वळणावरच लक्षात आलं होतं, पण टायर पंक्चर झालं म्हणून उशीर झाला, असं त्यांनी बायकोला सांगितलं. त्या ‘हव’ म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. प्रकरण मिटलं, असं यज्ञेश्वररावांनी धरून टाकलं. तो आकडा तेवढा कोणाला कळू नये, म्हणून तर त्यांनी त्याचा किस्सा करून टाकला होता.

श्रावणीनं मोबाईलवरून मान वर केली. “दादी, आपने आवाज़ नहीं दी?”

सुनीतीबाई पोह्यांच्या बश्या उचलत होत्या. “नाही दिली. मी तिथंच उभी होती, गाडीच्या मागं. गाडी सुटली ते पाहिलं मी. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.”

हरिदासांचं हसू तोंडातच राहिलं. यज्ञेश्वररावांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. ही उभी होती? पाहत होती? चाळीस वर्षांत त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं, की ही आपल्याला असं जाऊ देईल.

“काहून?” त्यांनी विचारलं.

“मले पाहायचं होतं, तुम्हाले किती दूर गेल्यावर समजते ते.” त्यांनी बश्या खाली ठेवल्या. “पंक्चर नव्हतं झालं. स्टेपनी जशीच्या तशी होती. आता सांगा, कुठवर गेले होते?”

हरिदास खिडकीबाहेर बघू लागले. खोटं बोलायला यज्ञेश्वररावांकडे आता काही उरलंच नव्हतं.

“एक्केचाळीस किलोमीटर,” ते म्हणाले.

सुनीतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर यज्ञेश्वररावांना बरं वाटलं असतं.

“मी दहा किलोमीटर धरले होते,” त्या म्हणाल्या, आणि बश्या घेऊन आत गेल्या.