खालच्या गल्लीचे बारा फेरे

अप्पारावांनी दुसरीच्या वर्गातला बाक ओढून खिडकीला लावला, त्यावर चढले आणि गजांना कान टेकवला. टाकीवरची मोटर बंद झाली. म्हणजे टाकी भरली. आता व्हॉल्व्ह उघडणार आणि आता घोळ होणार, याची त्यांना पक्की खात्री होती.

बावीस वर्षं गावाला पाणी त्यांनीच सोडलं होतं. परतूरला ज्या सोयऱ्यांकडं ते जाऊन आले त्या घरात कोरोना निघाला, तशी गावानं त्यांची चौदा दिवसांसाठी शाळेत रवानगी केली. व्हॉल्व्हच्या चावीला हात लावणारं मागं कुणी उरलं नाही. पाणी समितीत निम्म्या बाया होत्या खऱ्या, पण त्यांच्या सह्या घरोघरी फिरून गोळा व्हायच्या. त्यातली एक सही अप्पारावांच्या सुनेची, शिवकन्याची. तिनं ती हातभर लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकली आणि समितीतल्या आणखी दोघींना हाताशी घेतलं. जालन्याचं कॉलेज बंद पडल्यामुळं घरी बसलेली खालच्या गल्लीतली साक्षी वही-पेन घेऊन त्यांना मिळाली. दोन दिवसांत नाक मुठीत धरून येतील, असं अप्पाराव फोनवर सगळ्यांना सांगत होते. कुणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या अंगणातल्या नळानं आधी नुसती हवा सोडली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ.

"चाचा, हा नळ चालू हाये?" सलमा नळाखाली हात धरून उभी होती. संभाजीनगरहून लेकरांना घेऊन माहेरी आलेली, तिलाही इथंच ठेवलं होतं. तिचं माहेर खालच्या गल्लीत. "आमची अम्मी तर हापशावरूनच पाणी आणती अजून."

शाळा आणि खालची गल्ली एकाच पाइपवर होती. तिथवर प्रेशर पोचत नाही, हे अप्पारावांनी इतक्या जणांना सांगितलं होतं की आता कुणी विचारतही नव्हतं. त्यांनी शिवकन्याला फोन लावला.

"खालचा व्हॉल्व्ह कितीनं उघडला?"

"बारा फेऱ्यांनी, मामा."

"चारच्या वर फिरत न्हाई तो."

"गंजल्ता. तेल सोडलं, मंग साक्षीनं अन् मी मिळून जोर लावला. फिरला की."

फोन ठेवून ते खाटेवर बसले. आठ वर्षांमागं दुष्काळात टाकी निम्मीसुद्धा भरत नव्हती. वरच्या आळीची आरडाओरड नको म्हणून त्यांनी स्वतःच तो व्हॉल्व्ह चार फेऱ्यांवर आणून ठेवला होता. पुढं पाऊस झाला, विहीर भरली, टाकी वाहू लागली. हाताला मात्र चारचीच सवय लागली होती. जीव लावून केलेल्या कामात आपण एवढी चूक केली, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी समितीचा अध्यक्ष बद्रीनाथ तोंडाला गमजा बांधून फाटकाबाहेर येऊन उभा राहिला. तो वरच्या आळीतला.

"अप्पाराव, तुमची सून सगळं पाणी खाली सोडून राह्यली. आमच्या गच्चीवरच्या टाक्या भरंनात. तुम्ही एवढंच म्हणा, की चारच्या वर उघडलं तर लाइन फुटती. मी जल्दी चावी काढून घेतो. तुम्ही सुटले की परत तुमच्याच हातात."

पाण्याच्या बाबतीत अप्पारावांचा शब्द गावात शेवटचा होता. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं, आणि चार फेऱ्यांची गोष्ट कुणाला कधी कळलीही नसती. नळावर हंडा लावून सलमा इकडंच बघत होती.

"लाइन फुटत न्हाई," ते म्हणाले. "दुष्काळात मीच तो चारवर आणल्तो. मंग उघडायचा राह्यला. चूक माझी हाये. बारा बराबर हायेत."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं."

बद्रीनाथनं गमजा सारखा केला. "मंग वरच्या आळीला काय सांगू?"

"आमचं घर बी वरच्याच आळीत हाये. तिनं पयलं आपल्याच घरचं पाणी कमी केलं, एवढं सांगा."

हे बोलताना त्यांचा आवाज आपसूक चढला. बद्रीनाथ गेल्यावरही ते बराच वेळ फाटकाला धरून उभे होते. जिला आपण कधी चावी उचलू दिली नाही, तिनं पहिल्या तीन दिवसांत आपलं आठ वर्षांचं निस्तरलं. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं तर त्यांचा ऊर भरून आला होता. सलमानं भरलेला हंडा त्यांच्या वर्गाच्या दाराशी आणून ठेवला आणि ती लेकरांकडं गेली.

दुसऱ्या दिवशी तपासणीला नवीन नर्सबाई आल्या. त्यांनी अप्पारावांच्या बोटाला मशीन लावलं आणि रजिस्टर उघडलं.

"नाव?"

"अप्पाराव."

"म्हणजे गावाला पाणी सोडतात ते तुम्हीच का?"

"न्हाई," अप्पाराव ताठ बसत म्हणाले. "पाणी शिवकन्या सोडती. मी तिचा सासरा."